आभाळाला खुंटी कशी ठोकावी

राजेहो, सगळ्यात आधी एक वाईट सवय सोडा, आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची. विहिरीत काळा पाइप उतरलेला दिसतो, दोर दिसतो, केबल दिसते, म्हणून खाली पंप असेलच असं धरून चालू नका. पंप आहे की नाही हे आता आभाळात ठरतं.

हे ज्ञान मला चना घाट्यावर, म्हणजे दाणे भरायच्या वेळी, असताना झालं. एका पाण्याची गरज होती. ऊन असं लख्ख की सोलरच्या प्लेटांवर हात ठेववत नव्हता, आणि पंप ठप्प. पंप चालवणाऱ्या डब्यावर लाल दिवा. हेल्पलाइनवर अर्धा तास गाणं ऐकल्यावर एक पोरगा बोलला.

“सर, तुमचा पंप साइटवर दिसत नाहीये.”

“अरे बाप्पा, मी पंपापाशीच उभा आहो.”

“हो सर, पण सिस्टीममध्ये तो तुमच्या गटापासून चार किलोमीटरवर दाखवतोय. लोकेशन जुळत नाही, म्हणून लॉक झालाय. कोणी हलवलाय का?”

“साठ फूट खाली आहे तो. बाजाराले गेला का चालत?”

पोरगा सभ्य होता, हसला नाही. पंपाजवळ उभं राहून, जीपीएस चालू ठेवून, फोटो पाठवा म्हणाला. पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की फोटो नामंजूर, कारण फोटोतलं लोकेशनही गटाबाहेर आहे. म्हणजे पंप एका शिवारात, मी दुसऱ्या शिवारात, आणि चना मात्र आमच्याच वावरात सुकत होता. सालदार म्हणाला, “भाऊ, त्याले म्हणा चन्याले लोकेशन समजत नाही, पाणी समजते.” हे सिस्टीममध्ये कुठे नोंदवायचं ते पोराला सापडलं नाही.

ई-पीक पाहणीचा, म्हणजे वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाची नोंद करायचा, विषय मी इथे काढत नाही. ज्याने भोगलं त्याला सांगायची गरज नाही.

अकरा दिवस हा खेळ चालला. झोप नव्हती, तर रात्री वाचत बसलो, आणि छाती अभिमानाने भरून आली. जी सोय कंपनीने माझ्या विहिरीवर केली, तीच सोय जग आपल्या विजेची आणि फौजेची करून घेतंय. मग आपण मागे का राहावं? ज्यांच्या हातात हे खातं आहे, त्यांच्यासाठी काही सल्ले देतो.

घड्याळ घरात ठेवू नका. लोकांना वाटतं जीपीएस म्हणजे रस्ता दाखवणारी बाई. मुळात ते घड्याळ आहे. प्रत्येक उपग्रह आपली वेळ ओरडून सांगतो, आणि चार उपग्रहांच्या वेळा ताडून तुमचा फोन तुमची जागा काढतो. हीच वेळ मोबाइलचे टॉवर वापरतात, बँका वापरतात, आणि विजेच्या ग्रिडमध्ये जी फेजर, म्हणजे विजेची लहर कोणत्या क्षणी कुठे आहे ते, मोजणारी यंत्रं बसतात तीही वापरतात. शेकडो किलोमीटर लांबच्या दोन उपकेंद्रांत त्याच क्षणी काय चाललंय हे कळायला दोन्हीकडचं घड्याळ एकच लागतं ना! तर २६ जानेवारी २०१६ ला, आपल्याकडे झेंडावंदन होतं त्या दिवशी, अमेरिकेच्या हवाईदलाने एक म्हातारा उपग्रह सेवेतून काढला आणि त्या गडबडीत उरलेल्यांपैकी काहींवर चुकीची वेळ चढली. चूक केवढी? सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे तेरा भाग. तेवढ्यावर जगभरच्या टेलिफोन यंत्रणा काही तास कोकलत होत्या. कोणी शत्रू नव्हता, कोणी हॅकर नव्हता, एक सरकारी चूक होती. सरकारी चुकीचं महत्त्व आपल्याला कोणी सांगायला नको.

हळू बोलणाऱ्याला सरपंच करा. हे उपग्रह २०,२०० किलोमीटर वर, आणि त्यांचा प्रक्षेपक जुन्या पिवळ्या बल्बाच्या ताकदीचा. ते बोलणं जमिनीवर पोचेपर्यंत इतकं क्षीण होतं की खिशात मावणारं यंत्र त्याला दाबून टाकतं. अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळून एक ड्रायव्हर असलं यंत्र लावून जात असे. आपण कुठे हिंडतो हे मालकाला कळू नये, एवढाच बिचाऱ्याचा हेतू. पण विमानतळावरची नवी उतरण्याची यंत्रणा त्याने गडबडवली, आणि २०१३ मध्ये त्याला जवळपास ३२,००० डॉलरचा दंड झाला. मालकापासून लपणारे ड्रायव्हर आपल्याकडे नाहीत, त्यामुळे काळजी नसावी.

सूर्याची परवानगी घ्या.

म्हणजे काय, तर मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं तेव्हा अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात पेरणी चालू होती. तिकडचे ट्रॅक्टर जीपीएसवर सरळ तास काढतात. ऐन हंगामात कास्तकार ट्रॅक्टर उभे करून बसले. आमच्याकडे तिफणीमागचा माणूस समोरच्या बाभळीवर नजर ठेवून तास काढतो, आणि बाभूळ सौरवादळाने हलत नाही. पण हे मागासलेपण झालं, मी समर्थन करत नाही. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे, म्हणजे उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या अमेरिकन जाळ्याचे, ४९ उपग्रह सोडले, आणि एका मध्यम वादळाने त्यातले ३८ परत हवेत येऊन जळले.

स्टारलिंक म्हटल्यावर आठवलं. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्याशी इरादापत्र केलं, त्यात आपलं गडचिरोली आहे, वाशीमही आहे. गडचिरोलीच्या पोराला इंटरनेट मिळावं, मी कोण नको म्हणणारा! फक्त २४ जुलै २०२५ ला हेच जाळं कंपनीच्या आतल्याच सॉफ्टवेअरच्या बिघाडाने जगभर सुमारे अडीच तास बंद पडलं होतं, आणि युक्रेनची आघाडी त्यावरच बोलत होती. अडीच तास म्हणजे काय, आपल्याकडे एवढ्या वेळात लाइनमन फोनसुद्धा उचलत नाही.

फौजेसाठी सल्ला: दुसऱ्याच्या घड्याळावर लढा. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, अमेरिकेने आपल्याला हवी ती जीपीएसची माहिती दिली नाही असं सांगितलं जातं, आणि त्यातून आपण जीपीएससारखी आपली स्वतःची यंत्रणा, ‘नाविक’ नावाची, उभारायला घेतली. चांगलंच केलं. पण उपग्रह आपला, आतली रुबिडियमची घड्याळं परदेशातून आणलेली. पहिल्याच उपग्रहाची तिन्ही घड्याळं बंद पडली. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये दुसरा पाठवला, तर रॉकेटच्या डोक्यावरचं टोपण उघडलंच नाही, उपग्रह आतल्या आत राहिला. मे २०२३ मध्ये देशी घड्याळ घेऊन एक नीट गेला, तेव्हा मीही घरात पेढा वाटला. जानेवारी २०२५ मधल्या पुढच्याची एक झडप उघडलीच नाही आणि तो ठरल्या कक्षेत पोचला नाही. यात इस्रोला हसायचं काही नाही, हे काम कठीणच आहे. हसायचं त्यांना, जे कठीण काम झालंच असं धरून खालचं सगळं मोडीत काढतात. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर आणि जम्मू भागात विमानांच्या जीपीएसमध्ये ढवळाढवळीच्या ४६५ घटना झाल्या, हे सरकारनेच संसदेत सांगितलं. विमानतळावर जमिनीतून बोलणारी जुनी रेडिओ यंत्रणा अजून शाबूत आहे, म्हणून वैमानिकाला दुसरा कोणी विचारायला उरतो.

आता मुख्य सल्ला. यंत्राला डोकं देऊ नका, दावं द्या. दाव्याचं एक टोक विहिरीवर आणि दुसरं पुण्यामुंबईच्या काचेच्या इमारतीत.

जर्मन लोक इथे कमी पडले. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं, त्याच्या तासभर आधी केए-सॅट नावाच्या, इंटरनेट देणाऱ्या उपग्रहाच्या जाळ्यावर हल्ला झाला. उपग्रहाला कोणी बोटही लावलं नाही. जमिनीवरच्या कारभारात शिरून हजारो मोडेमची स्मरणशक्ती पुसून टाकली, मोडेम विटेसारखे पडले. नेम होता युक्रेनच्या सैन्याच्या संपर्कावर. पण त्याच उपग्रहावरून जर्मनीतल्या एनरकॉन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांची दुरून देखरेख चाले. सगळ्या मिळून ११,००० मेगावॉट. आपलं चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, त्यावरून हिशेब करा. लढाई कोणाची आणि अंधार कोणाच्या घरात, नाही का? पण अंधार झाला नाही. पवनचक्क्या फिरतच राहिल्या. वारा आला की फिरायचं आणि फार सुटला की थांबायचं, एवढी अक्कल त्यांच्या खांबातच ठेवलेली होती. साहेबाला चक्की दिसेना, पण चक्कीला वारा दिसत होता. कंपनी आंधळी झाली, गिरण बंद पडली नाही.

आणि माझा पंप? ऊन आहे, पाणी आहे, मोटर आहे, मालक विहिरीच्या काठावर उभा आहे, आणि पंप बंद, कारण आभाळातून कोणाला तरी तो दिसत नाही! कोणी हल्ला केला नाही, कोणी मोडेम जाळला नाही, वादळ आलं नाही. कुठल्या तरी आंधळ्या डब्याला चार किलोमीटरची भूल पडली आणि सहा एकराचा घास थांबला. रात्रीच्या लाइनीला, सापाला, रोह्यांना कंटाळून मी सोलर घेतला. सूर्य माझा, विहीर माझी, हिस्सा मी भरला, आणि कुलूप दुसऱ्याचं. चोरी होऊ नये म्हणून कुलूप, म्हणे. अहो, चोराने नेला तर चोराकडे बंद पडू द्या ना, माझ्याकडे का? कुत्र्यालाही मालकाचा वास कळतो. तुमच्या यंत्राला वास घेता येत नसेल तर निदान शंका आली तेव्हा चालू राहायला शिकवा. जर्मनीच्या पोलादाला जे कळलं ते तुम्हाला टेंडर काढताना कळलं नाही?

वरच्या गोष्टी वरच राहतात असंही समजू नका. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आभाळातून माणसाच्या उंचीहून मोठं धातूचं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा असं जाणकारांनी सांगितलं. नशिबाने कोणी दगावलं नाही. त्या कड्याचं लोकेशन मात्र बरोबर जुळलं, सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलं.

अकराव्या दिवशी तंत्रज्ञ आला. चहासुद्धा घेतला नाही. डब्याचं सील तोडलं, चार स्क्रू काढले, आत बोट घातलं आणि एक खटका वर केला. पंप सुरू. पाइपातून पाणी खळखळून आलं आणि मी येड्यासारखा त्या खटक्याकडे पाहत राहिलो.

“हा आधीपासूनच आत होता?”

“हो काका. मॅन्युअल आहे. पण ग्राहकाला अलाउड नाही.”

त्याने परत चार स्क्रू आवळले आणि नवं सील लावलं.

आता मस्करी पुरे. अर्धा चना पोचट निघाला, आणि त्याचं मला जेवढं दुःख आहे त्याहून जास्त राग त्या खटक्याचा आहे. तो होता. कोणीतरी शहाण्या माणसाने तो बसवला होता, आणि कोणीतरी दुसऱ्याने त्यावर सील मारलं. ग्रिडमध्ये, विमानतळावर, सीमेवरही असले खटके आहेत: उपकेंद्रातलं स्वतःचं अणुघड्याळ, जमिनीवरचा रेडिओ, नकाशा वाचू शकणारा जवान. मद्रासपासून १८०२ ला साखळी आणि कोन मोजायची अर्ध्या टनाची दुर्बीण घेऊन देश मोजायला निघालेला इंग्रज साहेब लॅम्ब्टन १८२३ मध्ये आमच्या हिंगणघाटला वारला, तिथेच पुरलाय. त्याला आभाळातून कोणाची परवानगी लागली नव्हती. उपग्रह वापरा, जरूर वापरा, पाऊस त्याच्यामुळे कळतो हे मलाही समजतं. पण खर्च वाचवायला जुनं काढून विकता, माणसं कमी करता आणि त्याला आधुनिकीकरण म्हणता, तेव्हा लाज वाटू द्या. बिघाड झाला की तुम्ही निवेदन काढता, आणि उभं पीक आमचं जातं.

तेव्हा साहेब, तो खटका डब्याच्या बाहेर बसवा. चारच स्क्रू आहेत, मी मोजलेत.