मासा सोडण्याचं पुण्य

तुम्ही मासे मारत नाही, तुम्ही पकडता आणि सोडता. हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: घरी, ऑफिसात, आणि मुख्य म्हणजे इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये. तापीकाठचा भोई मासा धरतो आणि बाजारात नेतो, म्हणून तो मारेकरी. तुम्ही त्याच माशाच्या जबड्यात गळ रुतवता, त्याला दमवता, उन्हात धरता आणि मग सोडून देता, म्हणून तुम्ही निसर्गप्रेमी. फरक बारीक आहे. माशाला तो समजेपर्यंत मासा टिकायला हवा, एवढीच काय ती अडचण.

पहिली गोष्ट मुहूर्ताची. हिवाळ्यातली पहाट ही हौशी माणसाची वेळ नव्हे, त्या वेळी फोटोत उजेड येत नाही. मे महिना धरा. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर गेला की हतनूर धरणाच्या फुगवट्यावर किंवा गिरणेच्या एखाद्या आटत आलेल्या डोहावर दुपारी पोहोचा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. आणि पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज उलट वाढते. म्हणजे खर्च वाढलेला आणि पगार कापलेला असताना तुम्ही त्याच्या दारात जाताय. नेमके तेव्हाच जा.

दोरी बारीक वापरा. जाड दोरीने मासा दोन मिनिटांत काठाला येतो आणि खेळ संपतो. बारीक दोरीने तो वीस मिनिटं झुंजतो. तेवढ्यात त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. शेवटी तो आडवा होऊन शांतपणे तुमच्याकडे येतो. या शांतपणाला व्हिडिओत 'माशाने विश्वास टाकला' म्हणायचं.

आता फोटो. इथे मात्र घाई अजिबात करू नका, कारण सगळं पुण्य इथेच जमा होतं. माशाच्या कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या पाण्यातच फुललेल्या राहतात. हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि चहूकडे हवा असूनही मासा गुदमरतो. कॅनडातल्या दोन संशोधकांनी 1992 साली रेनबो ट्राउटवर हे मोजून पाहिलं. दमेपर्यंत पळवलेल्या पण हवेत न काढलेल्या माशांपैकी 12 टक्के मेले. दमवून वर 30 सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 38 टक्के. आणि 60 सेकंद ठेवलेल्यांपैकी 72 टक्के. ट्राउट थंड पाण्याचा नाजूक मासा, आपले रोहू-कटला त्याच्याहून चिवट, हे मान्य. म्हणून तर तुम्ही 60 सेकंदांवर थांबू नये. एक फोटो समोरून, एक बाजूने, एक चुंबन घेताना. मग मित्राचा फोन लॉक होतो, त्याला पॅटर्न आठवत नाही, दुसरा मित्र म्हणतो 'थांब भो, ऊन मागून येतंय'. सगळे फिरून उभे राहतात. मासाही फिरतो, त्याला कोण विचारतो.

धरताना हात कोरडे ठेवा, शक्य तर रुमालच घ्या. ओल्या हातात मासा निसटतो. त्याच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ना, तो जंतू आणि बुरशी आत शिरू देत नाही. कोरड्या रुमालाने तो छान पुसून निघतो. पुढे थंडीच्या दिवसांत तिथे कापसासारखी पांढरी बुरशी धरते. खानदेशच तो, कापूस कुठेही पिकायचाच.

वजन करायचं असेल तर स्प्रिंगचा काटा थेट खालच्या जबड्यात अडकवा आणि मासा उभा टांगा. पाण्यात त्याचा भार पाण्यानेच पेललेला असतो, हवेत तो सगळा त्या एका हाडावर येतो. वजन बरोबर कळतं. जबड्याचं काय ते नंतर मासा बघेल.

गळ गिळला असेल तर? अनेक अभ्यासांत असं दिसलंय की खोल गेलेला गळ ओढून काढण्यापेक्षा दोरी तोंडाजवळ कापून मासा तसाच सोडला तर तो जगण्याची शक्यता जास्त असते. पण गळाला पैसे पडतात. पक्कड घ्या, कल्ल्यात बोटं घाला आणि फिरवून ओढा. रक्त आलं तर चिंता नको, पाण्यात ते लगेच धुऊन जातं. गळाचा उलटा काटा आधीच चेपून ठेवला तर तो क्षणात सुटतो, असं काही लोक सांगतात. असल्या लोकांबरोबर जाऊ नका, ते फोटोतही धड हसत नाहीत.

कोणता मासा धरायचा हेही बघा. मरळ आणि मागूर टाळलेले बरे. या दोघांकडे हवेतला प्राणवायू घ्यायची वेगळी सोय असते, त्यामुळे कितीही वेळ फोटो काढा, ते जिवंतच. अशाने सोडण्यातला थरार जातो. चिलापीही फार चिवट, आणि ती आफ्रिकेतून आलेली, धरणात न सोडलेलीच बरी. त्यापेक्षा आषाढात पूर आला की अंडी घालायला निघालेली भरल्या पोटाची रोहूची मादी बघा. धरणात मत्स्यसंस्थेने पैसे भरून सोडलेल्या बोटुकलीतूनच, म्हणजे बोटभर पिल्लांतूनच, ती वाढलेली असते, पण संस्थेला कशाला सांगायचं? आपण तर सोडूनच देणार.

आकडेवारीचा कुणी मुद्दा काढलाच तर तोंडपाठ ठेवा. 2005 साली असे कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सोडलेल्या माशांतल्या मृत्यूंची सरासरी 18 टक्के निघाली. कुठे शून्य, कुठे 95. सांगताना सरासरीच सांगा, आणि वागताना 95 कडे बघा.

काठावर एखादा म्हातारा मासेमार बसलेला असतोच. तो विचारेल, 'सोडनाच व्हता ते धरा कसाले?' उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या हातात फोन द्या आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवा.

सोडताना मासा दोन्ही हातांत पाण्यात धरून, त्याचे कल्ले नीट हलायला लागेपर्यंत थांबायचं असतं म्हणे. व्हिडिओत ते कंटाळवाणं दिसतं. पुलावरून किंवा भिंतीवरून टाका, छपाक आवाज येतो. शेपटी हलवत मासा खाली गेला की काम झालं, लगेच निघा. मरणारे बहुतेक मासे तिथल्या तिथे मरत नाहीत, काही तासांनी किंवा दिवस-दोन दिवसांनी मरतात. मेल्यावरही आधी तळाला जातात, पोटात वायू धरला की वर येतात. तोवर तुम्ही शेवभाजीवर ताव मारून घरी झोपलेले असता.

आणि चार दिवसांनी त्याच काठावर मेलेले मासे तरंगताना दिसले, तर गप्प बसू नका. प्रदूषणावर सणसणीत पोस्ट लिहा, कारखाने आणि प्रशासन दोघांनाही धारेवर धरा. सोबत मागच्या रविवारचा तुमचाच फोटो लावा, त्यात मासा जिवंत आहे.