'आजच दूध तोडा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

'आईला एचआयव्ही असेल तर दुधातून बाळाला होणारच. आजच दूध तोडा, डबा सुरू करा. एआरटीच्या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं. सहा आठवड्यांनी पट्टीवर टेस्ट करा, दोन रेघा आल्या की समजा.' हा मेसेज आता जवळच्याच एका बाळंतिणीपर्यंत पोचलाय, तोही सासूबाईंच्या फोनवरून. मग गप्प कसं बसायचं?

'होणारच' हे धादांत खोटं. दुधात विषाणू असतो, मान्य. पण काहीच उपचार नसले तरी गरोदरपण, बाळंतपण आणि दूध असा सगळा मिळून धोका १५ ते ४५ टक्के. आणि एआरटीच्या, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर? आफ्रिकेतल्या बोट्सवानातला 'म्मा बाना' अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मातांनी गरोदरपणातच एआरटी सुरू केली आणि सहा महिन्यांपर्यंत अंगावर पाजलं. ७०९ बाळांपैकी लागण ८ जणांना, त्यातल्या ६ जणांना पोटात असतानाच. दुधातून झाली ती दोघांना.

सगळ्यात घातक शब्द 'आजच'. दूध एकदम तोडलं की छाती दगडासारखी होते, सूज येते आणि दुधातला विषाणू उलट वाढतो. रात्री बाळ रडून हैराण झालं की आई त्याच छातीला लावते, नेमकं नको त्या वेळी. थांबवायचंच असेल तर महिनाभर घेऊन हळूहळू.

आणि डबा? पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात कालवायची, कोमट करून दोन तासांत पाजायचं, उरलेलं ओतून द्यायचं. नवजात बाळाला हे दिवसरात्र मिळून आठेक वेळा. डबा पुरवून पुरवून वापरला की दूध पातळ आणि बाळाचं वजन जागच्या जागी. त्याच बोट्सवानात सरकार डबे फुकट द्यायचं. २००६च्या अतिपावसात पाणी दूषित झालं, जुलाबाची साथ आली आणि दगावली ती मुख्यतः डब्यावरची बाळं. डब्यातून एचआयव्ही जात नाही, एवढं मात्र मेसेजवाल्याचं खरं.

गोळ्या नियमित असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६चा सल्ला सरळ आहे: सहा महिने निव्वळ अंगावरचं, मग वरच्या अन्नासोबत किमान १२ महिन्यांपर्यंत, हवं तर २४ किंवा पुढेही.

व्यंगाचं म्हणाल तर २०१८ मध्ये एआरटीतल्याच डोल्युटेग्राविर या औषधाबद्दल तशी शंका आली होती. पुढे आणखी हजारो बाळंतपणं मोजल्यावर ती विरली. खरी गफलत वेगळीच होते. ही गोळी लोह-कॅल्शियमबरोबर उपाशीपोटी घेतली तर नीट अंगी लागत नाही. एकतर जेवणासोबत सगळ्या एकदम, नाहीतर डोल्युटेग्राविर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

पट्टी अँटीबॉडी शोधते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, आणि आईच्याच अँटीबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत सापडू शकतात. सहा आठवड्यांना करायची ती डीएनए पीसीआर, म्हणजे थेट विषाणूच शोधणारी तपासणी, टाचेतून कागदावर घेतलेल्या थेंबांवर. ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो, असंही नाही. शेवटचा निकाल १८ महिन्यांना, किंवा दूध सुटल्यावर तीन महिन्यांनी, यातलं जे उशिरा येईल तेव्हा.