माझ्यात काय कमी आहे?

दुपारी अडीच ते चार या वेळात माझ्याकडून काहीही मंजूर करून घेता येतं. समोरचा बोलत असतो, माझी मान हळूहळू पुढे झुकते, दचकून वर येते, पुन्हा झुकते, आणि समोरच्याला वाटतं मी होकार देतोय. अशा होकारांतून मी नको त्या समित्यांवर गेलोय आणि एका निरोप समारंभात भाषण करायचं कबूल केलंय. निरोप कोणाचा, ते आदल्या दिवशी कळलं.

जेवणामुळे होतं हे, असं सगळे सांगतात. खरं तर शरीराच्या घड्याळात दुपारी एक उतार असतोच, जेवा किंवा जेवू नका. मी जेवण टाळून पाहिलं. तेवढीच झोप आली, फक्त उपाशीपोटी. शिवाय माझी झोप दुपारची वाट बघेना. सकाळी साडेदहालाच डोळे मिटायला लागले, तेव्हा माझ्यात काहीतरी कमी आहे याची मला खात्री पटली.

थकलेल्या पुरुषाला या कल्पनेएवढा आधार दुसऱ्या कशाचाच नसतो. कमतरता ही सभ्य गोष्ट आहे. तीत आपला दोष नसतो, निसर्गानेच मापात मारलेलं असतं. गोळ्या घेतल्या की फिटंफाट. जास्ती मात्र थेट आरोप असतो. ‘तुमच्यात डी व्हिटॅमिन कमी आहे’ हे मी चारचौघांत मिरवीन. ‘तुमचं वजन अठरा किलो जास्त आहे’ हे मी वजनकाट्यालासुद्धा मोठ्याने बोलू देणार नाही.

सल्लागारांचीही गंमत असते. ‘बी-ट्वेल्व तपासून घे!’ हे लोक जिन्यावरून ओरडून सांगतात. ‘टेस्टोस्टेरॉन’, म्हणजे पुरुषी संप्रेरक, मात्र आधी इकडेतिकडे बघून, अगदी कानात. आणि सांगून झालं की खांद्यावर असा हात ठेवतात की घरात काही वाईट घडलंय असं बघणाऱ्याला वाटावं.

टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीला सकाळी सात ते दहाच्या आत, उपाशीपोटी यायचं असतं. हे संप्रेरक सकाळी चढतं असतं आणि दिवसभरात उतरत जातं, म्हणून दुपारचं रक्त उगाच बदनामी करतं. एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघायचं, तेव्हा कुठे ते कमी मानायचं. वैद्यकशास्त्र म्हणून हे बरोबरच असेल, पण ज्याची तक्रारच ‘उठवत नाही’ ही आहे त्याला तपासणीसाठी पहाटे उठवणं मला जरा निर्दय वाटलं. रक्त काढताना मी झोपलो. तिथल्या मुलीला वाटलं मला चक्कर आली, तिने पाय वर करून ठेवले, आणि त्यामुळे झोप फार छान लागली.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. थायरॉइड व्यवस्थित, साखर व्यवस्थित, हिमोग्लोबिन व्यवस्थित. प्रत्येक ‘व्यवस्थित’ला माझा चेहरा पडत गेला. बी-ट्वेल्ववर माझी फार भिस्त होती. पण यकृत म्हणे त्याचा काही वर्षं पुरेल एवढा साठा करून ठेवतं. जन्मात मला जी बचत जमली नाही, ती माझं यकृत गुपचूप करत होतं.

डी निघालं १८. किमान २० तरी हवं. मी खुर्चीत सरसावून बसलो.

“बघा, मी म्हणत नव्हतो?”

“कमी आहे, भरून काढू,” बाई म्हणाल्या. “पण एवढ्याने माणूस मीटिंगमध्ये झोपत नाही. आणि हे चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन आहे. वजन जास्त असलं की ते चरबीतच जाऊन बसतं, रक्तात कमी सापडतं.”

विषय वजनाकडे वळतोय हे ओळखून मी पटकन टेस्टोस्टेरॉनचं पान उलटलं. ३२० नॅनोग्रॅम. साधारण ३०० च्या खाली गेलं तर कमी म्हणतात. म्हणजे कमीही नाही आणि अभिमानाने सांगावं असंही नाही.

“याचंही तेच,” बाई म्हणाल्या. “चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी संप्रेरक, करतं. शिवाय वजन वाढलं की रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिनही घटतं, त्यामुळे एकूण आकडा आणखी खाली दिसतो.”

मी खाली पाहिलं. हे पोट नुसतं बसून असतं अशी माझी समजूत होती. ते तर अहोरात्र कारखाना चालवत होतं! माझ्या सबंध देहात दिवसभर जागं राहून काम करणारं तेवढंच निघालं.

“मग इंजेक्शन घेऊ?”

“बाहेरून दिलं की शरीर आपलं बनवणं थांबवतं, शुक्राणू घटतात. आणि रात्री श्वास अडत असेल तर ते आणखी बिघडू शकतं. घोरता का?”

“नाही,” मी ठामपणे सांगितलं. मी स्वतःला घोरताना एकदाही ऐकलेलं नाही. शेजारी बायको बसली होती. तिने एवढंच विचारलं, “मी बोलू का?”

पुढची दहा मिनिटं ती बोलली. घोरणं, मग एकदम शांतता, मग बुडता माणूस वर आल्यासारखा माझा श्वास. त्या शांततेत ती जागी राहून वाट बघते म्हणे. हे ती मला पूर्वीही सांगायची, पण बहुधा दुपारी.

मग बाईंनी मोजपट्टी काढली. ती पोटाकडेच येणार म्हणून मी श्वास आत ओढून धरला, तर त्यांनी ती गळ्याला गुंडाळली. पुरुषाचा गळा ४३ सेंटिमीटरच्या पुढे गेला की शंका बळावते. माझा ४४. पोट आत घेण्याचा मला वर्षांचा सराव आहे. गळा आत कसा घेतात ते अजून जमलेलं नाही.

त्यांनी एक प्रश्नावली दिली. मेलबर्नच्या मरी जॉन्स या डॉक्टरांनी ती १९९१ मध्ये मांडली. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन. बेरीज दहाच्या वर गेली की प्रकरण गंभीर. वाचताना, टीव्हीसमोर, गाडीत शेजारच्या सीटवर वगैरे. मी बेताबेताने आकडे टाकत नऊवर आणून थांबवले. ‘कुणाशी बसून बोलत असताना’ यापुढे मी शून्य लिहिलं होतं. बायकोने पेन घेतलं, ते खोडून तीन केलं आणि म्हणाली, “तो ‘कुणी’ म्हणजे मी.” बेरीज बारावर गेली.

एक रात्र घरीच नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून झोपलो. निकाल आला: तासाला ३१ वेळा श्वास अडतोय, आणि दर वेळी निदान दहा सेकंद. तीसच्या वर तीव्र प्रकार. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, गळ्याभोवतीची आणि जिभेतली चरबी वाट अरुंद करते, श्वास कोंडतो आणि मेंदू दचकून जागा होतो. मी रात्रभर झोपत होतो असं फक्त मला वाटत होतं.

आणि टेस्टोस्टेरॉन तर बनतं मुख्यतः झोपेत. २०११ च्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. झोप मोडली की भूकही वाढते, भुकेने वजन, वजनाने गळा, गळ्याने पुन्हा झोप मोडते. यात पहिला गुन्हेगार कोण, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, “सगळेच एकमेकांना सामील आहेत. वजन दहा टक्के उतरवलंत तर हे अडणं साधारण पाव हिश्शाने कमी व्हावं.”

“पण डॉक्टर, माझ्यात खरंच काहीच कमी नाही?”

त्यांना दया आली असावी. “आहे की,” त्या म्हणाल्या. “रात्री ऑक्सिजन कमी पडतो.”

अखेर! तीही चक्क हवेची कमतरता, म्हणजे औषधाच्या दुकानात न मिळणारी.

त्यावर उपाय म्हणजे नाकाला मास्क लावून रात्रभर हवा दाबाने आत सोडणारं यंत्र. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये ते पहिल्यांदा एका रुग्णावर वापरलं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. ही माहिती मी मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितली.

“छान,” ती म्हणाली. “इतकी वर्षं घरातल्याला हात लावला नाहीस, आता त्याला तोंडाला लावून झोप.”