तो ग्राफवाला फॉरवर्ड प्लीज पुढे ढकलू नका

काल मावशीने "वाच आणि डोळे उघड" म्हणत एक ग्राफ पाठवला. म्हणे २०२० आधी कोरोनावर एकही रिसर्च पेपर नव्हता, मग एका वर्षात लाखभर आले, म्हणजे आधीच लिहून ठेवलेले, आणि सगळ्यात जास्त पेपर लिहिणाऱ्या देशांच्या यादीत अमेरिका-चीन टॉपला, म्हणजे कट त्यांचाच, शिवाय कोरोनाव्हायरसचं २०१५ चं पेटंट! मावशीला फोनवर सांगून झालं, आता बाकीच्यांसाठी.

"एकही पेपर नव्हता" वाचून तर डोकंच फिरलं. ग्राफ काढणाऱ्याने सर्चमध्ये "कोविड-१९" टाकलंय, आणि हे नाव डब्ल्यूएचओने जाहीर केलं ११ फेब्रुवारी २०२० ला! त्याआधीच्या पेपरात ते येणार कुठून? जरा "कोरोनाव्हायरस" टाकून बघा ना. माणसातले पहिले कोरोनाव्हायरस सापडले १९६५-६६ च्या सुमारास, कुळाला नाव मिळालं १९६८ ला, त्यानंतर कितीतरी वर्षं रेघ जमिनीला चिकटलेली, २००३ ला सार्सने (हाही कोरोनाव्हायरसचाच आजार) एकदम उडी, सार्स गेला तसा लोकांचा इंटरेस्टही गेला आणि रेघ परत घसरली, मग २०१२ ला मर्स (त्याच कुळातला आणखी एक) आला की पुन्हा वर. कटवाल्यांनी मधली इतकी वर्षं सुट्टी घेतली होती का?

लाखभराचा आकडा मात्र खरा आहे, मान्य. 'नेचर' या विज्ञान मासिकाने डिसेंबर २०२० मध्येच हिशोब मांडला होता, वर्षात एक लाखाहून जास्त पेपर, जगातल्या एकूण रिसर्चच्या साधारण ४ टक्के. पण असल्या मोजणीत संपादकाला लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्रही बऱ्याचदा "पेपर" म्हणूनच धरतात, आणि लॅब बंद पडलेल्या कितीतरी लोकांनी आपला विषय सोडून कोरोनावर लिहायला घेतलं. घाईत कचराही भरपूर छापला गेला, तेही खरंय. 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलने मे २०२० मध्ये ९६ हजार पेशंटचा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावरचा पेपर छापला आणि डेटाच तपासता येईना म्हणून दोन आठवड्यांत मागे घेतला. आधीपासून सगळं तयार असतं तर निदान हा तरी नीट लिहिला असता!

अमेरिका-चीनचं म्हणाल तर ते जवळपास कुठल्याही विषयात वरच असतात, आणि पाच देशांच्या लेखकांचा एक पेपर अशा याद्यांमध्ये बहुतेक वेळा पाचही देशांच्या खात्यात पूर्ण धरला जातो.

पेटंट? ते कोंबड्यांना होणाऱ्या ब्राँकायटिसच्या कोरोनाव्हायरसचं आहे हो, लसीसाठी.