रडर फक्त धावपट्टीपुरता? अजिबात नाही

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर एक सल्ला कधी ना कधी येतोच: 'रडरच्या नादी लागू नका. हवेत एलेरॉन पुरतात, रडर जमिनीवर चाक वळवायला.' (रडर म्हणजे शेपटीच्या उभ्या पात्याचा हलता भाग, एलेरॉन म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या.) या सल्ल्यापायी नव्या मुलांची विमानं मोडताना मी पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

'हवेत एलेरॉन पुरतात.' त्रिकोणी पंखाच्या डेल्टाला किंवा बिनशेपटीच्या फ्लाइंग विंगला पुरतात, मान्य. पण फोमचं पायपर कब विमान सावकाश उडवून बघा. डावीकडे एलेरॉन दिला की उजव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो. त्या पंखाची उचल वाढते, तसा हवेचा अडथळाही वाढतो. विमान कलतं डावीकडे, नाक मात्र आधी उजवीकडे जातं आणि शेपूट लोंबकळल्यासारखी दिसते. एलेरॉनसोबत डावीकडेच जरासा रडर द्या, शेपूट मुकाट नाकामागून येते. राइट बंधूंनी १९०२ च्या ग्लायडरचा स्थिर रडर हलता केला तो याच भानगडीमुळे. आणि तीन चॅनलच्या (म्हणजे रिमोटवर तीनच नियंत्रणं असलेल्या) साध्या ग्लायडरला तर एलेरॉनच नसतात. तो वळतो कशावर?

'जमिनीवर लागतो' हे खरं, पण चाक उचललं की काम संपत नाही. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण ताकदीवर, नाक डावीकडे ओढलं जातं, चढतानाही. उजवा रडर तोवर धरून ठेवावा लागतो.

खरं नुकसान होतं उतरताना. वेग पडलेला, शेवटचं वळण, आणि आतला पंख अचानक खाली जातो. बोट आपसूक उलटा एलेरॉन देतं. त्यानं पडलेल्या पंखाचाच एलेरॉन खाली येतो, तो पंख आणखी स्टॉल होतो (त्याची उचल तुटते) आणि विमान गिरकी घेऊन जमिनीत. माझा पहिला ट्रेनर असाच गेला. बाल्साचे तुकडे पिशवीत भरून घरी आणले. तिथे आधी नाक खाली हवं, मग विरुद्ध रडर, तोही बेतानं. जास्त दिला तर स्पिन, म्हणजे गिरकी, दुसऱ्या बाजूला.

यावर कुणी म्हणतं, 'गायरो आहे, मिक्स लावा.' गायरो म्हणजे विमान आपोआप स्थिर ठेवणारं यंत्र; तो वाऱ्याचा झोत सावरतो, पण आडव्या वाऱ्यात टेकण्याआधी नाक पट्टीच्या रेषेत कधी आणायचं, हे त्याला कळत नाही. आणि मिक्स, म्हणजे एलेरॉनसोबत रडर आपोआप हलवणारी रिमोटची सोय, दोन्ही एकाच बाजूला देतो. आडव्या वाऱ्यात एलेरॉन वाऱ्याकडे आणि रडर विरुद्ध लागतो, म्हणजे नेमक्या त्या क्षणी मिक्स आडवा येतो. तेव्हा रडरच्या काडीवरचा डावा अंगठाच हवा.