गप्पांना परकं माणूस कशाला?

दिवाळी जवळ आली की तिकडे भारतातल्या चर्चेत ठरलेलं वाक्य येतंच: मुलं परदेशात, आईबाप वाऱ्यावर. त्यात कुणी एकट्या वृद्धांकडे गप्पांना जाणाऱ्या स्वयंसेवकांचं नाव काढलं की, 'म्हाताऱ्यांशी बोलायला परकी माणसं? ही अमेरिकन थेरं!'

थेरं म्हणे. ही रीत अमेरिकेपेक्षा जुनी आहे. आजाऱ्याला भेटणं ज्यूंमध्ये धर्मकर्तव्य आहे. दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या तीन तासांत जाऊ नये, हेसुद्धा तालमूद या त्यांच्या प्राचीन धर्मग्रंथात सांगितलंय. सकाळी आजारी माणूस बरा दिसतो, भेटणारा प्रार्थना विसरतो. संध्याकाळी तो खालावलेला असतो, भेटणारा आशाच सोडतो. न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइडला कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७६ मध्ये एकट्या वृद्धांसाठी 'दोरोत' ही ज्यू परंपरेतली संस्था सुरू केली. त्या वृद्धांनाही मुलं होती, कुणाची कॅलिफोर्नियात, कुणाची पलीकडच्या गल्लीत.

या कामात भाबडेपणा चालत नाही. आधी स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासायची, मग भाषा आणि पत्ता बघून जोडी लावायची. ब्रायटन बीच या रशियनभाषकांच्या वस्तीतल्या आजीकडे रशियन येणारंच माणूस हवं. पहिल्या भेटीला समन्वयक सोबत. पुढे आठवड्यातून एक तास, वार आणि वेळ कायम. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, पाळणाऱ्यांना फोन करायचा नाही, ते उचलणार नाहीत. घरचा लाडू न्यायचा नाही. कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारं, असा शिक्का असलेलं बंद पाकीट न्यायचं, आणि पेसाख या वसंतातल्या सणाच्या आठवड्यात तेही पेसाखसाठी वेगळा शिक्का असलेलं. दुधाची आणि मांसाची भांडी वेगवेगळी असतात, म्हणून चमचासुद्धा विचारून घ्यायचा. ऐकू कमी येत असेल तर टीव्ही बंद करून, आपल्या तोंडावर उजेड पडेल असं बसायचं. नाझी छळछावणीतून वाचलेल्यांना त्याबद्दल आपण होऊन विचारायचं नाही. आजीच्या नवऱ्याचा मृत्युदिन हिब्रू पंचांगाने, आपल्या तिथीसारखा येतो. इंग्रजी तारीख वहीत लिहून ठेवली तर पुढच्या वर्षी चुकीच्या दिवशी फोन जातो. त्या दिवशी चोवीस तास मेणबत्ती तेवते. हात थरथरत असतील तर विजेवरचा दिवा सुचवावा. पैसे, औषधं, घराची किल्ली यांना हात लावायचा नाही. एकदा बँकेत गेलात की तुम्ही बिनपगारी नोकर झालात, गप्पा संपल्या.

सगळ्यात जास्त बिघडतं ते शेवटाला. मे महिन्यात कॉलेजचं वर्ष संपलं की विद्यार्थी न सांगता गायब होतात आणि आजी खिडकीत बसून राहते. तीन आठवडे आधी सांगून, नव्या माणसाला सोबत नेऊन ओळख करून दिली तर हे टळतं.

आम्हा परदेशातल्या मुलांना तो टोमणा झोंबतो, हे खरंच, म्हणून तर एवढं लिहितोय. पण इथे राहून जे परक्यांच्या आजीसाठी जमतं, ते आपल्या आईसाठी तिकडे कुणी केलं तर आम्हालाच आधी ओशाळल्यासारखं होतं. भारतात ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळवता येते, मंगळवारी चार वाजता गप्पा मारणारं माणूस नाही. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्यक्लब आहेत, पण जिना उतरू शकणाऱ्यांसाठी. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर कोण चढणार?