नाना गाडी लेट करायचे म्हणे

आज कॅन्टीनमध्ये चहा घेताना एक जण सहज बोलून गेला, "नाना गेले, आता मुक्कामी गाडी तरी टायमात येईल." दोघं-तिघं हसले. एसटीत माझ्या गाडीवर कंडक्टर असलेले नाना वारले, त्याला आठवडासुद्धा झाला नाही. मी कप तसाच ठेवून उठलो. तिथं तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून इथं लिहितोय. डेपोतले बहुतेक जण माझ्या यादीत आहेत, वाचतीलच.

गाडी लेट व्हायची, खरं आहे. का व्हायची, ते स्टिअरिंगवर बसून मी बघितलंय.

कोयनेच्या वरच्या अंगाला आमची मुक्कामी गाडी होती. रात्री गावात पोचायचं, देवळात नाहीतर गाडीतच पाठ टेकायची, पहाटे परत निघायचं. सकाळची ती एकच गाडी, दुसरी थेट दुपारी. बारावीचे पेपर चालू होते. रोज पुढच्या सीटवर पुस्तक उघडून बसणारी एक पोरगी त्या दिवशी थांब्यावर नव्हती. मी इंजिन चालू करून डबल बेलची वाट बघतोय, बेल काही येईना. आरशात बघतो तर नाना ओढ्याकडच्या पायवाटेनं निघालेले, तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच.

घरी तिची आई तापानं फणफणलेली. म्हैस धारेला ताटकळलेली, पोरगी कासंडी घेऊन गोठ्यात. नानांनी शेजारणीला हाक मारून कासंडी तिच्याकडं दिली, पोरीला हॉल तिकीट घ्यायला लावलं आणि घेऊनच आले. गाडीत एका गृहस्थांची पाटणला कोर्टाची तारीख होती, ते नानांवर तुटून पडले. नाना एवढंच म्हणाले, "दादा, तारीख पुढची मिळंल. पोरीचं वर्ष जाईल." आणि डबल दिली.

हे ज्याला गाडी लेट करणं वाटतं, त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

वेळापत्रकाला किंमत आहे, मान्य. पुढच्या थांब्यावरचा माणूसही पावसात उभा असतो, आणि त्या कोर्टवाल्या माणसाचा राग काही खोटा नव्हता. पण गाडी कुणासाठी सोडतो आपण? 

1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली. ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे. दर वर्धापनदिनाला ही दोन नावं आपण जोडीनंच घेतो. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, बेलवर विश्वास ठेवून गाडी हाकायची असते. दाराशी म्हातारी चढतेय, टपावर कुणाचं पोतं बांधायचं राहिलंय, हे मागचा माणूस बघतो. नानांच्या डबल बेलवर मी घाटात डोळे झाकून विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणाबरोबर असलो की मान आपोआप मागं वळायची.

75 वर्षांच्या पुढच्यांना 2022 पासून प्रवास फुकट झाला. तिकीट शून्य रुपयांचं असलं तरी ते फाडावं लागतं, आधार बघावं लागतं. म्हातारी माणसं कनवटीची, पिशवीची उलथापालथ करत बसतात. कित्येक जण तेवढ्यात खेकसतात. नाना शेजारी टेकायचे, "सावकाश काढा आज्जी, गाडी कुठं पळून चालली न्हाई." सुट्ट्यावरून त्यांचं प्रवाशाशी वाजलेलं मी कधी ऐकलं नाही. पगाराच्या दिवशी स्वतःच्या पैशांची चिल्लर करून ठेवायचे. वहिनी त्यावरून कुरकुरायच्या म्हणे, पण नाण्यांसाठी कापडी पिशवी त्यांनीच शिवून दिली होती.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. कॅन्टीनमध्ये बोललेला पोरगा वाईट नाही, नवीन आहे. नानांबरोबर त्याची ड्यूटी फारशी लागली नाही. पण हसणारे जुने होते. त्यांच्या घरच्या लग्नाला नाना रात्रपाळी करून सकाळी पंगत वाढायला हजर होते. त्यांच्या हसण्याचा राग मात्र जाणार नाही. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं टाकून दिवसभरात मोकळे झाले सगळे. नानांची एक तरी आठवण कुणी लिहिली? ओढ्यापलीकडच्या त्या घराची गोष्ट किती जणांना माहीत होती? मीही नसतो तर ती तिथंच राहिली असती, कारण नाना स्वतःहून कधी सांगत नसत. त्या दिवशी संध्याकाळी मी विषय काढला तर म्हणाले, "तुम्ही नसता थांबला व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. ते नसते तर मी गाडी काढली असती.

त्यांच्या धाकट्याचं आयटीआयचं दुसरं वर्ष आहे. फी भरायची आहे आणि वहिनी कुणापुढं हात पसरणार नाहीत. मी वर्गणी गोळा करतोय. दहा रुपये द्या, हजार द्या, पाकिटावर नाव घालू नका. रविवारी दहावा आहे, नानांच्या गावी नदीवर, सकाळी आठला. ज्यांची ड्यूटी नाही ते सगळे या. मी शनिवारी रात्रीच जाणार आहे, गाडीत अजून तिघांची जागा आहे. फोन करा.